वाटीतली मुंगी

टण्.

स्वयंपाकघरात कुणीतरी स्टीलची वाटी ओट्यावर ठेवली, एवढंच. एरवी या घरात दिवसातून शंभरदा होणारा आवाज. पण त्याआधी सव्वीस मिनिटं घरात कुणी पाऊलसुद्धा वाजवलं नव्हतं, आणि त्या सव्वीस मिनिटांसाठी स्नेहलने आल्यागेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दटावलं होतं. तिच्या खांद्यावरच्या दहा आठवड्यांच्या निहारने दचकून दोन्ही हात हवेत फेकले, अंग ताठ केलं आणि एक छोटी उचकी दिली. मग तिच्या मानेवरून, गाऊनच्या गळ्यातून, पाठीच्या मधोमध ती ओळखीची कोमट धार निघाली आणि कमरेपाशी जाऊन थांबली.

"चारच मिनिटं राहिली होती," स्नेहल भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली. हल्ली ती घड्याळाशीच बोलायची. घरात तेवढं एकच होतं जे सल्ला देत नव्हतं.

निहार मात्र हसला. हनुवटी दुधाने चकाकत होती, मानेच्या वळीत दह्यासारखा पांढरा चुरा अडकला होता, आणि तो असा हसत होता की जणू त्याने आईला काही भेट दिली होती. तिने त्याची मान पुसली, तिथेच नाक खुपसलं. आंबूस, गोडूस वास. या वासाचा तिला वीट आला होता आणि या वासाशिवाय तिला झोपही येत नव्हती.

डॉक्टरबाईंनी तीनदा समजावून सांगितलं होतं. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, ती या वयात ढिली असते, म्हणून दूध वर येतं. रिफ्लक्स म्हणतात याला. वजन छान वाढतंय, लंगोट भरपूर भिजतायत, बाळ हसतंखेळतं आहे, म्हणजे बाळाला काही झालेलं नाही. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, झोपवताना पाठीवरच झोपवा. सहा-सात महिन्यांत आपोआप कमी होईल. "त्रास फक्त धुण्याचा आहे बघा," असं म्हणून बाई फार गोड हसल्या होत्या. दिवसातून नऊ वेळा पाजायचं आणि नऊ अर्धे तास उभं राहायचं, म्हणजे साडेचार तास होतात, हा हिशेब स्नेहलने रिक्षात बसल्यावर केला होता आणि गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

बोलायला बाकीचे होतेच. तू पेरू खाल्लास म्हणून. तू ताक प्यालीस म्हणून. तू पाजताना मोबाइल बघतेस, त्याचा उजेड दुधात उतरतो. एसी. पंखा. दृष्ट. डाव्या कुशीवर पाजलंस, उजव्या कुशीवर पाजलंस, बसून पाजलंस. गेल्या महिन्याभरात तिच्या ताटातून एकेक करून वांगं, वाटाणा, टोमॅटो, कोबी, डाळ असं सगळं उठून गेलं होतं, आणि मागे उरला होता तो शेपू. शेपू आणि भाकरी. आणि निहार ठणठणीत दूध काढत होता.

आज रविवार. जावळाची तारीख ठरवायला म्हणून सकाळीच सटाण्याहून दोघी आल्या होत्या: अमोलची आजी चतुराबाई, जिला सारं घर मोठी माय म्हणायचं, आणि तिची थोरली सून कुसाबाई, अमोलच्या कुसाकाकू. मोठी माय पंचाऐंशीची. तिने गाडीतून उतरून पाय धुतले, पणतवाला मांडीवर घेतलं, आणि त्याने पाचव्या मिनिटाला तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत सगळं काढून ठेवलं. मोठी माय रागावली नाही. तिने दोन बोटांवर ते दूध घेऊन उजेडात धरलं, हुंगलं, आणि जावळाचा विषय बाजूला ठेवला.

"पोऱ्याले दूध बाधी राहिनं," ती म्हणाली. "वाटी काढा."

ती वाटी आता ओट्यावर वाजली होती.

*

अमोल कोरडा पंचा घेऊन खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. दार लोटून घेतलं म्हणजे तो हॉलमधलं काहीतरी पोहोचवायला आला आहे, हे स्नेहलला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"एकदा होऊन जाऊ दे ना," तो म्हणाला. "वाटीत थोडंसं दूध द्यायचं. मुंगी सोडतील. समाधान होईल त्यांचं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"त्या सगळ्यांत मी येते का?"

"येतेस ना. पण तू समजूतदार आहेस."

हा शब्द या घरात नेहमी त्याच माणसाला मिळायचा, ज्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असायचं. स्नेहलने पंचा पाठीवर ओढला.

"आणि मुंगी मेली तर?"

"मेली तर मेली. काही होत नाही."

"अमोल."

तो पाळण्यातल्या टोपड्याची नाडी सरळ करू लागला. "काकूंनी शेळीचं दूध आणलंय बरोबर. उकळून, जायफळ घालून. दोन दिवस तुझं बंद ठेवून ते देऊन बघू, म्हणतायत. फक्त दोन दिवस."

"डॉक्टरांनी वर्षाच्या आत वरचं दूध द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. तू होतास तिथे. तू मान हलवली होतीस."

"हो, पण मोठ्या मायला डॉक्टर कसे सांगणार?"

"आणि दोन दिवसांचंच म्हणशील, तर दोन दिवस तुझ्या आईलाही सांगितलं होतं."

अमोल पुन्हा टोपड्याच्या नाडीकडे वळला. गोष्ट त्याचीच होती, आणि आपल्या गोष्टीत आपण काय करायचं हे त्याला छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

लग्नाबारशाच्या पंगतीत कुसाकाकू ती हमखास सांगत. सटाण्याच्या घरात अडीच महिन्यांचा अमोल असाच दूध काढायचा. मोठ्या मायने वाटी मागवली, धाकट्या सुनेचं दूध त्यात घेतलं, मुंगी सोडली. मुंगी मेली. दूध बाधतं, असं ठरलं. कुसाकाकूंचा शेखर तेव्हा चार महिन्यांचा होता, त्यांना दूध होतं, म्हणून दोन दिवसांपुरता अमोल त्यांच्याकडे दिला. तो परत आला तो दात आल्यावर. "माझ्या दुधाचा हाय हा," असं म्हणून काकू अमोलची पाठ थोपटत, आणि पंगतीतले सगळे काकूंकडे कौतुकाने बघत.

गोष्टीचा उरलेला भाग काकू सांगत नसत. तो स्नेहलच्या सासूबाईंनी, विमलाबाईंनी, एकदाच सांगितला होता. गेल्या दिवाळीत, करंज्या तळताना, कढईवरची नजर न काढता. छातीला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करकचून बांधल्या होत्या. तरी यायचंच. मागच्या दारी कढीपत्त्याचं झाड होतं, त्याच्या मुळाशी जाऊन पिळून यायच्या. सतरा दिवस. मग थांबलं. एवढंच सांगून त्यांनी पुढची करंजी सोडली होती. विमलाबाईंच्या फोडणीत कढीपत्ता कधीच का पडत नाही, हे स्नेहलला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत तिला वाटायचं, त्या आणायला विसरतात.

म्हणून तर ती वाटी कुणी काढली हे बघायला स्नेहल निहारला खांद्यावर टाकून तशीच ओल्या पाठीने स्वयंपाकघरात गेली, आणि बघून तिथेच उभी राहिली. वाटी विमलाबाईंच्या हातात होती. त्या ती पुन्हा एकदा धूत होत्या.

"आई, तुम्ही काढलीत?"

"बाईंनी मागितली." विमलाबाई सासूला बाई म्हणत.

"आणि तुम्ही दिलीत."

"गोल बुडाची पाहिजे म्हणाल्या," विमलाबाई म्हणाल्या. नळ चालूच होता. "ही फार खोल वाटत नाही ना गं?"

स्नेहलला ओरडायचं होतं. पण ओरडलं की निहार दचकणार, निहार दचकला की उरलंसुरलं काढणार, की पुन्हा पाजायचं, की पुन्हा अर्धा तास. दहा आठवड्यांत तिच्या रागालासुद्धा वेळापत्रक लागलं होतं. सकाळपासूनचा हा चौथा गाऊन. केस दुधाने ताठ झालेले. स्वतः ती द्राक्षांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. परदेशी जाणाऱ्या पेटीतल्या घडावर औषधाचा कणभरही अंश राहिला आहे का ते शोधणं हे तिचं रोजचं काम. आणि तिच्या दुधाचा निकाल मुंगी लावणार होती.

तरीही तिने हात पुढे केला. "द्या ती वाटी."

का दिलं, हे ती नंतर पुष्कळदा स्वतःला विचारणार होती. थकली होती, हे खरं. पण त्याखाली आणखी एक लाजिरवाणी गोष्ट होती. तिला वाटलं होतं, कुणी सांगावं, आपली मुंगी जगेलही.

*

अडचण अशी झाली की मुंगीच मिळेना. सहावा मजला, त्यात परवाच सोसायटीने घराघरांतून औषध फवारून घेतलेलं. गॅलरीत साखर ठेवून झाली, गूळ ठेवून झाला. साखरेवर एक कबुतर येऊन गेलं.

"हे कसलं घर," कुसाकाकू म्हणाल्या. "साधी मुंगी नाय घरात. आमच्याकडं पिठाच्या डब्यात बघ, हव्या तेवढ्या."

"काळी लई या बरं का," मोठ्या मायने खुर्चीवर पाय घेत बजावलं. "लाल नको. लाल मुंगी सोताना रागघाई मरस." लाल मुंगी म्हणे स्वतःच्याच रागाने मरते.

शेवटी सासरे, भिमाजीआप्पा, होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी डबी खिशात टाकून खाली गेले. वीज मंडळात अडतीस वर्षं काढलेला माणूस सोसायटीच्या बागेत, बाकाखाली वाकून मुंग्या धरतो आहे, हे वरून गॅलरीतून स्नेहलला दिसत होतं. शेजारून चालायला जाणारे दोघे थांबले, त्यांनी काहीतरी विचारलं, आप्पांनी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल याचा विचार करायची ताकद तिच्यात नव्हती.

"मिळाल्या तीन," वर आल्यावर आप्पा म्हणाले आणि घाम पुसू लागले.

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. स्नेहलची थोरली, पहिलीतली गोदा स्टुलावर चढून हनुवटी टेबलाला टेकवून उभी राहिली. मोठी माय वाटीच्या अगदी समोर. काकू तिच्या उजव्या हाताला, कारण काकू नेहमी तिथेच बसत. अमोल दाराच्या चौकटीत, ना आत ना बाहेर. विमलाबाई ओट्यापाशी पाठ करून कोशिंबीर कापत होत्या, आणि सुरीचा आवाज फार सावकाश येत होता.

वाटीत तळाला बोटभर दूध. निळसर, पातळ. इतक्या माणसांत मांडून ठेवलेलं ते दूध बघून स्नेहलला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. तिने निहारला ओढणीत घेतलं, काही गरज नसताना.

आप्पांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मुंगी घेतली आणि कोपरा वाटीवर झटकला.

"आजोबा, तिला पोहता येतं?" गोदाने विचारलं.

"गप."

"नाहीतर तिला काडी द्या ना धरायला."

"गोदा, गप म्हटलं ना," अमोल चौकटीतून म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच कुणाला तरी ठामपणे काही सांगत होता.

मुंगी दुधावर दोन पावलं चालली. मग तिचे पाय खिळले. तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणखी अर्धी घेतली, आणि थांबली. सुरीचा आवाज थांबला होता. मोठ्या मायने वाटी उचलून हलवून बघितली. दूध हललं, मुंगी दुधाबरोबर हलली.

"मरनी," मोठी माय म्हणाली. आवाजात आनंद नव्हता की दुष्टावा नव्हता. लॅबमधला माणूस रिपोर्ट वाचून दाखवतो तसं ते होतं, आणि स्नेहलला तेच सगळ्यात लागलं. "आतेपासून बंद. मी डोळाघाई देखेल शे हाई. इमलनंबी आसंच व्हतं."

विमलचंही असंच होतं. ते कळायला अहिराणी यायची गरज नव्हती.

स्नेहलचं डोकं सांगत होतं की हा मूर्खपणा आहे. पण डोळ्यांत पाणी आलं ते डोक्याला न विचारता. आणि निहारने नेमकी तीच वेळ साधून तिच्या दंडावर एक गुळणी टाकली.

"बघ," मोठी माय म्हणाली.

कुसाकाकू उठल्या. त्या वाईट बाई नव्हत्याच मुळी. त्यांनी स्वतःच्या पदराने स्नेहलचा दंड पुसला, फ्रीजमधून शेळीच्या दुधाची बरणी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मन खट्टू करू नको. मी काय तुझी वैरीण हाय का? अगं, आम्ही काय काय काढलं. एका अंगाला शेखर, एका अंगाला हा तुझा नवरा. माझी हाडं दिसायला लागली होती. आणि एक लुगडं म्हणून धड ठेवलं नाय या अमोलनं. हा शेखरसारखा नव्हता, हा लय काढायचा. पाजलं की काढ, पाजलं की काढ. चांगलं सहा-सात महिने. माझ्या अंगाला आंबट वास यायचा म्हणून देवघरात जाऊ देत नव्हते मला. तरी मी कधी नाय म्हणाले नाय."

ओट्यापाशी सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का," विमलाबाई म्हणाल्या. त्या अजून पाठमोऱ्याच होत्या. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणाले? कधी नाय म्हणाले नाय, म्हटलं."

"त्याआधी."

काकूंनी आठवायचा प्रयत्न केला. "लुगडी खराब केली म्हटलं."

"तो तुमच्याही अंगावर दूध काढायचा?"

"काढायचा म्हणजे? पोरं काढतातच की—" आणि काकू थांबल्या. आपल्याच तोंडातून निघालेलं वाक्य त्यांनी जणू पहिल्यांदा ऐकलं. छत्तीस वर्षं ही गोष्ट त्या पंगतीत सांगत आल्या होत्या, आणि लुगड्यांचा हा भाग तेवढा कधी सांगितला नव्हता, कारण तो सांगण्यासारखा वाटलाच नव्हता.

"सहा-सात महिने," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या दुधावर."

"हो."

"मला कुणी बोललं नाही."

"तू इचारलं नाय, विमल." काकूंचा आवाज लहान झाला. "तू तेव्हा बोलायचीस कुठं. मी त्याला घेऊन बसले की तू उठून मागच्या दारी जायचीस."

विमलाबाईंनी हात पुसले. मग त्यांनी रॅकवरून तशीच दुसरी वाटी काढली, गोल बुडाची, टेबलावर आणून ठेवली आणि बरणीतलं शेळीचं दूध त्यात ओतलं. बरोबर तेवढंच, बोटभर.

"अहो, डबीत अजून दोन आहेत ना? एक यात सोडा."

"काय करी राहिनी ती?" मोठ्या मायने काकूंना विचारलं. काकू दुसऱ्या वाटीकडेच बघत होत्या.

"स्नेहलच्या लॅबमध्ये असं करतात, बाई," विमलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "द्राक्षं तपासतात तेव्हा शेजारी चांगल्या द्राक्षांचाही नमुना लावतात. ज्याच्यावर काही फवारलेलंच नाही असा. त्याच्यातही औषध दिसलं, तर खोट द्राक्षात नाही, मशिनीत आहे. तूच सांगितलं होतंस ना गं?"

स्नेहलने मान हलवली. तिने ते कधी सांगितलं होतं हेही तिला आठवत नव्हतं. भाजी निवडताना, असंच काहीतरी बोलायचं म्हणून. रोज सहा-सहा वेळा स्वतःच्या हाताने तो नमुना लावणाऱ्या तिला आज वाटीपुढे तो आठवला नव्हता. मुंगी मेलेली बघून तिने सरळ मान खाली घातली होती. आणि या बाई ते वाक्य जपून ठेवून बसल्या होत्या.

आप्पा डबी हातात धरून उभे होते. ते आपल्या आईकडे, मोठ्या मायकडे बघत होते.

"तिच्याकडे काय बघता," विमलाबाई म्हणाल्या. "तेव्हाही मुंगी तुम्हीच आणली होतीत."

हे मात्र आजवर घरात कुणी बोललं नव्हतं. अमोलने चौकट सोडली आणि तो आत आला. आप्पांनी कागद वाटीपर्यंत न्यायच्या आधीच मुंगी टेबलावर पडली. गोदाने तिला कागदावर घेतलं आणि आजोबांना परत दिली. आप्पांनी डोळे मिटून कागद झटकला.

सगळ्यांनी वाकून बघितलं. शेळीच्या दुधात जायफळाचे तपकिरी कण तरंगत होते. मुंगी एका कणाला धरून राहिली, तो कण फिरला. ती दोन पावलं चालली. पाय खिळले. एक गिरकी.

"ही पण मेली," गोदाने जाहीर केलं.

पंखा फिरत होता. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि निघून गेली.

"शहरनी मुंगी शे," मोठी माय म्हणाली. "तिले काय कळस." पण तिने दोन्ही वाट्या जवळ ओढून घेतल्या आणि ती एकदा या वाटीत, एकदा त्या वाटीत बघत राहिली. किती सुनांसाठी, किती घरांत तिने वाटी मांडली असेल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिची स्वतःची तर नव्हतीच.

कुसाकाकू खाली फरशीवर बसल्या. "म्हणजे मी उगाच पाजलं का गं?" त्यांनी विचारलं. "माझी हाडं निघाली होती, विमल. शेखर उपाशी रडायचा. तरी मी आधी याला घ्यायचे."

"उगाच नाही, अक्का. तुम्ही वाढवलंत त्याला." विमलाबाईंनी बरणीचं झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा काढून लावलं. "पण मीही वाढवला असता."

अमोलला काहीतरी करायला हवं होतं. तो आईकडे एक पाऊल गेला, काकूंकडे एक पाऊल गेला, आणि शेवटी गॅलरीत जाऊन दोरीवरची वाळलेली दुपटी काढू लागला. सतरा-अठरा दुपटी होती. एकेक करून तो घडी घालत होता, चुकीची घालत होता, उलगडून पुन्हा घालत होता. स्नेहलला त्याचा राग आला, आणि अर्ध्यातच तो राग विरघळला. दोन बायकांनी ज्याच्यापायी एवढं सोसलं, त्याला दुपट्याची घडी घालता येत नव्हती.

*

निहार भुकेला होऊन मुठी चोखू लागला तेव्हा एक वाजून गेला होता. कुणी काही ठरवलं नाही. फक्त विमलाबाईंनी खोलीत येऊन पाठीमागे उशी लावली आणि म्हणाल्या, "पाज."

"मोठी माय..."

"त्यांना मी वाढलंय. जेवतायत. तू पाज."

स्नेहलने पाजलं. थोडंच, मग ढेकर, मग पुन्हा थोडं. विमलाबाई पलंगाच्या कडेला बसून पाजणं बघत होत्या, इतक्या टक लावून की दुसरं कुणी असतं तर स्नेहलने ओढणी ओढून घेतली असती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"एक वाजून पस्तीस."

"म्हणजे दोन वाजून पाचपर्यंत. दे इकडे. तू आंघोळ करून ये. सावकाश कर."

त्यांनी निहारला खांद्यावर उभा धरला, एक हात मानेखाली, एक हात बुडाखाली, आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. स्नेहलने कोरडा पंचा त्यांच्या खांद्यावर घालायला उचलला, पण उशीर झाला होता. दुधाची धार विमलाबाईंच्या चांगल्या, आज पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीवरून पाठीवर उतरली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "येऊ दे त्याला." आणि त्यांनी मान थोडी वाकडी करून त्या ओल्या जागेचा वास घेतला.

स्नेहल पंचा हातात धरून उभी राहिली. आंघोळीला जायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

गोदा होमिओपॅथीची डबी घेऊन आत आली. तिसरी मुंगी तिने गॅलरीतल्या तुळशीत सोडून दिली होती आणि आता डबी उघडून, पुन्हा पुन्हा आत बघून ती खात्री करून घेत होती. ती आजीच्या पायांपाशी येऊन उभी राहिली. सकाळपासून तिला सगळ्यांनी गप केलं होतं, आणि तिच्या डोक्यात काहीतरी जुळत नव्हतं हे तिच्या भुवयांवरून दिसत होतं.

"आजी, शेखरकाकाला कुसाआजीने दूध दिलं ना?"

"हो."

"आणि बाबालाही कुसाआजीनेच दिलं?"

"हो गं राणी."

गोदाने डबीचं झाकण लावलं. मग साडीचा ओला काठ धरून वर बघत तिने विचारलं,

"मग आजी, तुझं दूध कुणी प्यालं?"